सच्छिद्र सिलिकॉनच्या चिपची बेसलाइन सारखी घसरते तेव्हा

परवा रात्री साडेनऊला एका ज्युनियरचा फोन आला. "ताई, प्रोटीन-ए लावलेल्या चिपवर अँटिबॉडी सोडलीय, पण सिग्नल वर जायच्या ऐवजी खाली चाललाय. चाळीस मिनिटांत बारा नॅनोमीटर. ही तिसरी चिप आहे."

"अँटिबॉडी सोडायच्या आधी नुसत्या बफरवर किती वेळ ठेवली होतीस?"

"दहा मिनिटं."

"आणि त्या दहा मिनिटांत रेष सपाट होती?"

पलीकडे जरा शांतता. मग, "थोडी खाली जात होती. म्हटलं, स्थिरावेल."

हे "म्हटलं, स्थिरावेल" मी स्वतः इतक्या वेळा म्हटलंय की तिला रागावण्याचा मला हक्कच नाही. सच्छिद्र सिलिकॉनच्या चिपवर, म्हणजे बारीक छिद्रांत शिरलेला रेणू प्रकाशाने पकडणाऱ्या सेन्सरवर, काम करणाऱ्या प्रत्येकाला ही घसरती रेष भेटते. नुसतं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) वाहत असताना ही रेष, म्हणजे बेसलाइन, सपाट असायला हवी. एकदा मिटली असं वाटतं, आणि दोन महिन्यांनी नवीन वेफर आला, बफरची बाटली बदलली किंवा पावसाळा लागला की पुन्हा हजर. पुन्हा पुन्हा येते कारण ती एक तक्रार नाहीच. चार-पाच वेगवेगळी दुखणी आलेखावर जवळपास सारखीच दिसतात, आणि आपण मागच्या वेळी लागू पडलेलं औषध या वेळीही देत बसतो. ती वेगळी कशी ओळखायची, ते इथे लिहितेय.

रेष नेमकं काय सांगते

ज्यांना हे पाठ आहे त्यांनी हा भाग ओलांडावा. हायड्रोफ्लुओरिक आम्लात सिलिकॉनच्या वेफरमधून वीज सोडली की वरचा काही मायक्रोमीटरचा थर स्पंजासारखा पोखरला जातो. १९५६ साली बेल लॅब्जमध्ये आर्थर आणि इंगेबोर्ग उलीर यांना हा थर सिलिकॉन पॉलिश करायला जाताना मिळाला, तोही नको असताना. त्याचा बायोसेन्सर व्हायला १९९७ उजाडलं. त्या वर्षी मायकल सेलर आणि रेझा घदिरी यांच्या गटांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की थराच्या वरच्या आणि खालच्या सीमेवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणातून छिद्रांत शिरलेला रेणू पकडता येतो. १९९९ मध्ये सेलर यांच्याच गटाने प्रोटीन-ए (अँटिबॉडीला धरून ठेवणारं प्रथिन) लावलेल्या थरावर आयजीजी या नेहमीच्या प्रकारची अँटिबॉडी बसते आणि धुऊन पुन्हा निघते, हे दाखवलं. आज आपण सगळे त्याच प्रयोगाची कुठली ना कुठली आवृत्ती करत असतो.

परावर्तित वर्णपटात लाटा दिसतात. त्यांचं फुरिए रूपांतर केलं, म्हणजे लाटांची लय गणिताने मोजली, की एक पीक (टोक) मिळतं, आणि त्याची जागा म्हणजे थराचा अपवर्तनांक गुणिले जाडी, त्याची दुप्पट. यालाच आपण ईओटी (इफेक्टिव्ह ऑप्टिकल थिकनेस) म्हणतो, आणि आलेखावरची रेष याचीच. छिद्रात पाणी असतं, त्याचा अपवर्तनांक १.३३. प्रथिनाचा याहून जास्त. प्रथिन शिरलं की तेवढं पाणी बाहेर ढकललं जातं आणि ईओटी वाढते.

म्हणजे अँटिबॉडी बसली तर रेष वरच जायला हवी. खाली जात असेल तर चिपमधून काहीतरी बाहेर पडतंय, किंवा पाणीच बदललंय.

आधी दोन तास काहीच करू नका

चिप फ्लो सेलमध्ये (चिपवरून द्रावण वाहतं त्या बंद कप्प्यात) बसवा, पंप चालू करा, नेहमीचं बफर सोडा आणि दोन तास हात लावू नका. चहा प्या, पेपर वाचा. दिवा चालू करून निदान अर्धा तास तरी झालेला असू दे, नाहीतर दिव्याचा गरम होण्याचा काळ तुमच्या आलेखात घुसतो. या दोन तासांत अँटिबॉडी नाही, प्रोटीन-ए नाही, काही नाही. तरी रेष हलली, तर दोष अँटिबॉडीचा नाही, एवढं तरी नक्की झालं.

ती कशी हलते ते बघा. सरळ उतारावरून गाडी सोडल्यासारखी खाली जात असेल तर सिलिकॉन विरघळतोय. संथ लाट असेल, विशेषतः संध्याकाळी किंवा सकाळी, तर तापमान. एकदम उडी असेल तर हवा. बारीक जिन्यासारख्या पायऱ्या असतील तर चिपला सोडा आणि सॉफ्टवेअर उघडा.

विरघळणारी चिप

दहातल्या सात वेळा हेच असतं, म्हणून यावर जरा जास्त बोलते.

ताज्या एच केलेल्या (म्हणजे आम्लात पोखरलेल्या) चिपच्या पृष्ठभागावर सिलिकॉन-हायड्रोजन बंध असतात. हवेत ते बरेच टिकतात, पाण्यात नाही. पाण्याशी सिलिकॉनचा ऑक्साइड होतो, हायड्रोजन सुटतो, आणि तो ऑक्साइडही सावकाश सिलिसिक आम्ल होऊन बफरबरोबर निघून जातो. सिलिकॉनचा अपवर्तनांक साडेतीनच्या वर, ऑक्साइडचा १.४६ च्या आसपास, पाण्याचा १.३३. प्रत्येक पायरी खालची. म्हणून रेष घसरते. आम्लात हे सगळं मंद चालतं. पीएच ७.४ च्या पीबीएसमध्ये (नेहमीच्या फॉस्फेट बफरमध्ये) चांगलंच जाणवतं आणि अल्कलीत तर धावतं. सर्वांत वरचा, नको असलेला पापुद्रा काढायला आपण मुद्दाम अल्कली वापरतो आणि नंतर त्याच अल्कलीच्या कुळातल्या बफरमध्ये चिप तास न् तास ठेवून ती का विरघळते म्हणून डोकं खाजवतो.

एकदा मी कागदावर हिशोब मांडला, आणि तेव्हापासून या प्रकाराकडे आदराने बघते. एक चौरस सेंटिमीटरची चिप, पाच मायक्रोमीटर जाडीचा थर, त्यात ऐंशी टक्के रिकामी जागा. उरलेला सिलिकॉन जेमतेम पाव मिलिग्रॅम. त्याचा ऑक्साइड झाला तर सुमारे अर्धा मिलिग्रॅम. अस्फटिकी सिलिका साध्या पाण्यात लिटरला शंभर-सव्वाशे मिलिग्रॅमच्या घरात विरघळते. म्हणजे निव्वळ विद्राव्यतेच्या दृष्टीने अख्खा थर पोटात घ्यायला चार-पाच मिलिलिटर बफर पुरतं! तुमचा पंप मिनिटाला शंभर मायक्रोलिटर देत असेल तर तासाला सहा मिलिलिटर ताजं, कोरं बफर चिपवरून जातं. प्रत्यक्षात वेग रसायनावर ठरतो, म्हणून चिप तासाभरात नाहीशी होत नाही. पण पंप बंद केल्यावर उतार कमी होतो आणि चालू केल्यावर वाढतो, हे तुम्ही पाहिलं असेल तर त्यामागे हे एक कारण आहे. उलट ही एक स्वस्त चाचणीही आहे. पंप थांबवा आणि उतार बदलतो का बघा.

उपाय म्हणजे बफर लागण्याआधीच पृष्ठभाग पक्का करणं. आमच्याकडे हवेतल्या भट्टीत ६०० ते ८०० अंश सेल्सिअसला तासभर, तापमान हळूहळू चढवून आणि हळूहळू उतरवून. घाई केली की थराला तडे जातात. ओझोनने ऑक्साइड करणंही सोपं आहे, पण तो थर पातळ असतो आणि आतला सिलिकॉन तसाच राहतो. पहिला तास सुखाचा जातो, मग उतार पुन्हा सुरू. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गटाने ॲसिटिलीन वायूत तापवून कार्बनचं कवच चढवायची पद्धत बसवली. अल्कलीत जास्त टिकाव हवा असेल तर ती सरस. आणि अनडेसिलेनिक आम्लासारखे रेणू सरळ सिलिकॉन-कार्बन बंधाने बसवता येतात, म्हणजे पुढे प्रथिन जोडायला कार्बोक्सिल गट आयताच मिळतो.

भट्टीत मात्र एक फसगत आहे. सिलिकॉनचा ऑक्साइड होताना आकारमान सव्वादोन पटीने वाढतं. ऐंशी टक्के पोकळ थर पूर्ण ऑक्साइड झाला की पोकळी पंचावन्न टक्क्यांवर येते. सत्तर टक्क्यांनी सुरुवात केलीत तर बत्तीसवर. छिद्रं आतून भरत येतात, आणि मग अँटिबॉडी शिरत नाही म्हणून वेगळं रडगाणं सुरू होतं. एच करतानाच ही फुगवट धरून चालायची.

चिप नीट ऑक्साइड झालीय का ते बघायला महागडं यंत्र लागत नाही. पाण्याचा एक थेंब ठेवा. ताज्या चिपवर तो अळूच्या पानावर बसावा तसा गोल बसतो. ऑक्साइड झालेल्या चिपवर क्षणात पसरतो आणि आत जिरतो. एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट घेणारं यंत्र) हाताशी असेल तर २१०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासची सिलिकॉन-हायड्रोजनची पट्टी गेली का आणि १०५०–११०० जवळची रुंद ऑक्साइडची पट्टी आली का, तेही बघा. मी थेंबावर बऱ्यापैकी विसंबते.

एक सांगायचं राहिलं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल (एचएफने भाजलं तर लावायचा प्रथमोपचार) हाताशी नसेल तर एचएफची, म्हणजे हायड्रोफ्लुओरिक आम्लाची, बाटली उघडायची नाही. एकट्याने नाही, काचेच्या भांड्यात नाही, "पाचच मिनिटांचं काम आहे" म्हणून तर अजिबात नाही.

संध्याकाळी सातनंतर बिघडणारे रन

आमच्याकडे एक काळ असा होता की दिवसाचे रन सरळ आणि संध्याकाळचे तिरके. आम्ही बफर बदललं, चिप बदलली, एकाने तर यूपीएस बदलून पाहिला. शेवटी लॅबच्या दाराशी उभं राहिल्यावर कळलं. सात वाजता इमारतीचा एसी बंद होतो. मुंबईत मेच्या महिन्यात एसी बंद झाला की खोली तासाभरात पाच-सहा अंश चढते.

पाण्याचा अपवर्तनांक एका अंशाला साधारण ०.०००१ ने उतरतो. पाच मायक्रोमीटरचा थर, ऑक्सिडेशननंतर साठ टक्के जागा पाण्याची, म्हणजे दर अंशाला ईओटी ०.६ नॅनोमीटर खाली. सहा अंशांना साडेतीन नॅनोमीटर. कमी तीव्रतेची अँटिबॉडी शोधत असाल तर तुमचा सगळा सिग्नल एवढाच असतो. गंमत म्हणजे सांगाडा अजून निव्वळ सिलिकॉनचा असेल तर त्याचा अपवर्तनांक तापमानाबरोबर वाढतो, त्यामुळे दोन्ही परिणाम एकमेकांना थोडेफार खातात. चिप नीट ऑक्साइड केल्यावर तापमानाचा त्रास उलट जास्त दिसायला लागला, तर घाबरू नका. तुम्ही एक चूक दुरुस्त केलीत आणि तिच्याआड लपलेली दुसरी उघडी पडली.

फ्लो सेलला पेल्टियर (विजेवर तापमान स्थिर ठेवणारी चकती) किंवा निदान पाण्याचं जॅकेट हवं. ते नसेल तर सेलला थर्मोकोलच्या डब्यात घाला, बफरची बाटलीही त्याच डब्यात, आणि आत एक थर्मामीटर ठेवून त्याची नोंद आलेखाशेजारीच लिहा. फ्रीजमधून काढलेली अँटिबॉडी तशीच सोडू नका. चार अंशांवरचं द्रावण आलं की रेष आधी वर उडी मारते आणि मग उतरते. ही उडी बंधन म्हणून कितीतरी स्लाइड्सवर मिरवलेली मी पाहिली आहे.

ग्लिसरॉलचा खोटा आनंद

हे माझ्या स्वतःच्या फजितीचं प्रकरण आहे. अँटिबॉडी सोडली आणि दोन मिनिटांत रेष सतरा नॅनोमीटर वर गेली. आमच्या चिपवर पंधरा-वीसचीच अपेक्षा होती. मी गाईडना फोटो पाठवला. मग बफरने धुतलं, आणि तीन मिनिटांत रेष जिथून निघाली तिथे परत.

कुपीवरचं लेबल तेव्हा वाचलं. अँटिबॉडी पन्नास टक्के ग्लिसरॉलमध्ये होती. मी ती पंचवीस पट पातळ केली होती, म्हणजे चिपवरून दोन टक्के ग्लिसरॉल वाहत होतं. त्याने द्रावणाचा अपवर्तनांक सुमारे ०.००३ ने वाढतो. दोन गुणिले पाच हजार गुणिले ०.६ गुणिले ०.००३ करा, अठरा येतात. अँटिबॉडीचा एकही रेणू न बसता हुबेहूब अपेक्षित सिग्नल मिळाला होता!

तेव्हापासून नियम केलाय की नमुना आणि बफर यांत लक्ष्य रेणूशिवाय काहीही वेगळं असायला नको. स्टॉक आधी रनिंग बफरमध्येच डायलिसिसला लावायचा किंवा छोट्या डीसॉल्टिंग कॉलममधून काढायचा. ते शक्य नसेल तर तेवढंच ग्लिसरॉल कंट्रोलच्या बफरमध्येही घालायचं. डीएमएसओ (एक द्रावक) आणि स्टॉकमध्ये आधीच घातलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) यांचाही हाच उपद्रव. प्रथिन मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असेल तर नुसतं वाहताना ते या चिपवर एक नॅनोमीटरच्या आसपास सिग्नल देतं.

ओळखायची खूण सोपी आहे. द्रावणाचा परिणाम चटकन चढतो आणि धुतल्यावर तितक्याच चटकन उतरतो. बसलेली अँटिबॉडी सावकाश चढते आणि धुतल्यावर बहुतांशी जागेवर राहते.

याला चिपमध्येच उतारा आहे. २००५ मध्ये सेलर यांच्या गटाने एकावर एक दोन थर एच केले. वरच्याची छिद्रं मोठी, खालच्याची इतकी बारीक की प्रथिन शिरूच शकत नाही. पाणी, मीठ, ग्लिसरॉल, तापमान हे दोन्ही थरांना लागतं, अँटिबॉडी फक्त वरच्याला. दोघांमधला फरक घेतला की बाकीचं गळून पडतं. एच करताना मधेच करंट बदलायचा, एवढंच जादा काम. तरी लोक ते टाळतात. आम्हीही दोन वर्षं टाळलं.

उडी आणि बुडबुडा

यावर फार लिहीत नाही. बफर डीगॅस करा, म्हणजे त्यात विरघळलेली हवा काढून टाका. कोरडी चिप सरळ बफरमध्ये बुडवू नका, आधी इथेनॉलने भिजवा आणि मग बफर सोडा, म्हणजे छिद्रांत हवा अडकणार नाही. बुडबुडा चिपच्या वर अडकला असेल तर वर्णपटाची तीव्रता ढासळते पण ईओटी फारशी हलत नाही. छिद्रांच्या आत हवा असेल तर ईओटी शेकड्यांनी कोसळते. आणि डीगॅस करूनही बुडबुडे येतच राहिले तर पुन्हा विरघळण्याच्या भागाकडे जा, कारण सिलिकॉन विरघळताना हायड्रोजन सुटतो आणि तो बुडबुडा चिपचाच असू शकतो.

पावसाळ्यातलं सायलेन

बेसलाइन आता सपाट आहे, पण अँटिबॉडी सोडली तरी रेष ढिम्म. हा तक्रारीचा दुसरा अवतार, आणि आमच्याकडे तो जुलै-ऑगस्टमध्ये हटकून येतो.

प्रोटीन-ए चिपला जोडण्याआधी दुवा म्हणून सायलेन लावतात, आमच्याकडे एपीटीईएस नावाचं. त्याच्या प्रत्येक रेणूला तीन इथॉक्सी हात. पृष्ठभागाला एका-दोन हातांनी धरून उरलेल्या हाताने तो शेजाऱ्याला धरतो. जरासं पाणी मिळालं की हे रेणू एकमेकांनाच धरत सुटतात आणि छिद्राच्या तोंडाशी जाळं विणतात. बाहेर ९० टक्के आर्द्रता, टोल्युइनची बाटली पंधरा दिवसांपूर्वी उघडलेली, आणि सायलेनची बाटली तर मागच्या दिवाळीची. चिप ओव्हनमधून काढल्यावर तिरपी धरून दिव्याखाली बघा. पावडर फासल्यासारखी पांढुरकी झाक दिसली तर ती चिप बाद. पुढचं प्रोटीन-ए तिच्यावर वाया घालवू नका.

जाळं विणलं नाही तरी एक त्रास उरतो. एपीटीईएसचं अमाइन टोक स्वतःच्याच बंधांवर पाण्याचा हल्ला सुकर करतं. नीट न भाजलेलं सायलेन बफरमध्ये सुटत जातं आणि रेष खाली सरकते, अगदी सिलिकॉन विरघळल्यासारखी. फरक इतकाच की सैल सायलेन काही तासांत सुटून संपतं आणि रेष सपाट होते. सिलिकॉन तसा थांबत नाही. म्हणून सायलेननंतर ११० अंशांवर भाजणं आणि मग रात्रभर बफरमध्ये ठेवून सैल असेल ते आधीच जाऊ देणं, दोन्ही करा. एकच इथॉक्सी हात असलेलं सायलेन मिळत असेल तर ते घ्या. त्याला शेजाऱ्याच्या पुढे जाळं विणताच येत नाही.

छिद्रांत जागा किती उरली ते कळायला मघाचं ग्लिसरॉलच कामाला येतं. सायलेनच्या आधी आणि नंतर दोन टक्के ग्लिसरॉल सोडून बघा. आधी अठरा आणि नंतर सोळा मिळाले तर ठीक. आठ मिळाले तर छिद्रं भरलीत. मात्र ग्लिसरॉलचा रेणू लहान असल्यामुळे तो जिथे शिरतो तिथे अँटिबॉडी शिरेलच असं नाही. आयजीजी दहा-पंधरा नॅनोमीटरचं धूड आहे आणि भिंतीवर आधीच प्रोटीन-ए चिकटलेलं असतं. वीस नॅनोमीटरच्या छिद्रात पहिल्या काही अँटिबॉडी तोंडाशीच बसतात आणि मागच्यांची वाट अडवतात. लोकलच्या दारात उभ्या राहणाऱ्यांसारख्या! चाळीस-पन्नासच्या खाली मी आता जात नाही.

धीराचाही प्रश्न आहे. पुन्हा हिशोब करा. अठरा नॅनोमीटर सिग्नल म्हणजे चौरस सेंटिमीटरमागे साधारण पाच मायक्रोग्रॅम अँटिबॉडी. तुमचं द्रावण मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅमचं असेल तर त्यातली प्रत्येक अँटिबॉडी पकडली गेली तरी अर्धा मिलिलिटर लागेल, आणि वरून वाहणाऱ्या प्रवाहातली बहुतेक चिपला न शिवताच पुढे जाते. छिद्रांमुळे क्षेत्रफळ मिळतं, पण ते भरावंही लागतं. नमुना एकदाच सोडून टाकून देऊ नका, गोल फिरवत ठेवा आणि तासभर बघा. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात शॅरन वाइस यांच्या गटाने थर आरपार उघडा करून द्रावण छिद्रांमधूनच वाहू दिलं, ते याच अडचणीवर.

जिन्याच्या पायऱ्या

५०० ते १००० नॅनोमीटर एवढा वर्णपट घेतलात तर फुरिए रूपांतरात ईओटीचा एक खण (मोजपट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर) १००० नॅनोमीटर रुंद असतो. आपल्याला हवाय पंधराचा फरक. म्हणून वर्णपट आधी तरंगसंख्येच्या समान अंतरावर मांडायचा, हॅनिंगसारखी खिडकी (वर्णपटाच्या कडा हळूहळू शून्यावर आणणारं गणित) लावायची, पुढे भरपूर शून्यं जोडायची आणि शेवटी पीकच्या माथ्यावर वक्र बसवून त्याचं टोक काढायचं. यातलं एक गाळलं तरी आलेखात पायऱ्या येतात किंवा पीक दोन जागांमध्ये उड्या मारतं. कोणाकडून तरी मिळालेला कोड वर्षानुवर्षं चालवणाऱ्यांनी एकदा तो उघडून वाचावा.

परवाच्या फोनचं काय झालं

तिची चिप भट्टीतून काढलेली होती, थेंबही पसरत होता. मग घसरण कशी? मी तिला प्रोटीन-ए लावल्यानंतरचा एकेक टप्पा वेळेसह वाचायला सांगितला. उरलेले सक्रिय गट बंद करायला तिने इथेनॉलअमाइन वापरलं होतं, पीएच ८.५, एक मोलर. प्रोटोकॉलमध्ये तीस मिनिटं लिहिली होती. त्या दिवशी शेवटची बस गाठायची म्हणून चिप तशीच रात्रभर त्यात राहिली, आणि सिग्नल जरा बरा वाटला म्हणून पुढच्या चिपांनाही तसंच. वर अमाइन, वर अल्कली, वर चौदा तास. ६०० अंशांवर अर्धवट झालेला ऑक्साइड त्यात सोलला गेला आणि आतला सिलिकॉन उघडा पडला.

तिने तीस मिनिटांवर आणलं आणि भट्टी ८०० वर नेली. काल दोन तासांचा नुसत्या बफरचा आलेख पाठवला. ०.३ नॅनोमीटर. बघून बरं वाटलं.

आज सकाळी पुन्हा फोन. "ताई, बेसलाइन एकदम सपाट आहे. पण अँटिबॉडी सोडली तरी सपाटच."

ग्लिसरॉलची चाचणी झाली होती, सोळा आले होते. पांढरी झाक नव्हती. नमुना गोल फिरवला होता. मग मला सुचलं.

"अगं, ही अँटिबॉडी कुठल्या प्राण्याची?"

"शेळीची."

प्रोटीन-ए सशाच्या आणि माणसाच्या आयजीजीला छान धरतं. शेळी-मेंढीच्या आयजीजीला नीट धरत नाही, उंदराच्या आयजीजी-१ लाही यथातथाच, आणि कोंबडीच्या आयजीवाय अँटिबॉडीला तर हातही लावत नाही. म्हणूनच आयजीवाय निगेटिव्ह कंट्रोलला उत्तम. शेळीसाठी प्रोटीन-जी हवं. फ्रीजमध्ये सशाच्या आयजीजीची एक कुपी होती, ती आधी सोडून बघ म्हटलं. आणि चिप पुन्हा वापरायची तर पीएच २.५ च्या ग्लायसिनने धू. सिलिकॉनला आम्ल चालतं, सोडियम हायड्रॉक्साइड मात्र जवळ आणू नकोस. ॲल्युमिनाच्या छिद्रांवर काम करणाऱ्यांना अशा आम्लाचीही धास्ती असते, ती एक गोष्ट तुला सुटली.

दुपारी चारला मेसेज आला. सशावर चौदा, धुतल्यावर तेरा. आयजीवायवर ०.४.

खाली लिहिलं होतं, "एसी सातला बंद होतो, त्याआधी अजून एक रन घेते."